कंठास वर्ण नसतो

आपल्याकडे भातलावणीची घाई चालू असते, त्या दिवसांत युरोपात उन्हाळा असतो आणि ऑस्ट्रिया देशातील साल्झबुर्ग या शहरी संगीताचा मोठा उत्सव भरतो. हा उत्सव १९२० साली सुरू झाला. मोझार्ट हा थोर संगीतकार १७५६ साली याच शहरी जन्मला, म्हणून शहराचा मान मोठा. जगातले नामांकित गवई व वादक येथे येतात, आणि ज्याचे नाव या उत्सवाच्या कार्यक्रमात छापले जाते त्याची किंमत सर्वत्र वाढते. आमचे शेतकरी व कारागीर वाचक विचारतील की, सातासमुद्रापलीकडच्या या थाटाशी आमचा संबंध काय? १९३५ साली या उत्सवाच्या दारात काय घडले ते ऐकावे, आणि मग संबंध आहे की नाही ते त्यांनीच ठरवावे.

मरियन अँडरसन या बाई १८९७ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी काळ्या वर्णाच्या कुटुंबात जन्मल्या. त्यांच्या आजोबांनी गुलामगिरी भोगलेली होती. बाप बर्फ व कोळसा विकी. पोर लहान असतानाच तो वारला, आणि आईने लोकांचे कपडे धुऊन व झाडलोट करून लेकरे वाढविली. पोरीचा गळा असामान्य आहे हे प्रथम कोणी ओळखले? कोणा पंडिताने नव्हे. त्यांच्या वस्तीतील प्रार्थनामंदिरात जमणाऱ्या मोलमजुरी करणाऱ्या लोकांनी ओळखले. तेथील एका संगीतशाळेने, काळ्यांना आम्ही घेत नाही, असे सांगून तिला परत पाठविले, तेव्हा याच लोकांनी आपापसांत वर्गणी केली आणि चांगल्या शिक्षकाकडे तिची शिकवणी लावली.

मायदेशी पुरेशी संधी मिळेना म्हणून अँडरसनबाई युरोपात गेल्या. तेथे त्यांचे नाव झाले. परंतु १९३५ साली साल्झबुर्गच्या चालकांनी उत्सवाच्या कार्यक्रमात त्यांना जागा देण्याचे नाकारले. त्यांचा वर्णच आड आला, असेच तेव्हापासून सर्वत्र मानले जाते. शहरातील एका सभागृहात गाण्यास हरकत घेतली गेली नाही, पण उत्सवाचे नाव त्या गाण्यास मिळावयाचे नव्हते. बाई गायिल्या. त्याच मुक्कामात आर्तुरो तोस्कानीनी यांनी त्यांचे गाणे ऐकले. हे इटलीचे वाद्यवृंदचालक म्हणजे त्या काळचे या विद्येतले सर्वांत मोठे माणूस. असा आवाज शंभर वर्षांत एकदा ऐकू येतो, असे त्यांनी सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. चालकांनी कातडी पाहिली, जाणत्याने कान दिला!

पुढे तीनच वर्षांनी, १९३८ साली, हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. उत्सवाच्या संस्थापकांपैकी माक्स राइनहार्ट हे यहुदी, म्हणून त्यांचा तेथील वाडा जप्त झाला. ब्रुनो वाल्टर या यहुदी संगीतकाराला तेथे थारा उरला नाही, आणि तोस्कानीनींनी स्वतःच पाठ फिरविली. १९३५ चा नकार आणि १९३८ चा जुलूम सारखे नव्हेत, हे आम्हांस कळते. परंतु माणसाचा गुण पाहण्याआधी त्याचा जन्म विचारण्याची खोड दोहोंच्या मुळाशी एकच आहे. आज ती शेजाऱ्याला दाराबाहेर ठेवते. उद्या घरच्या मालकालाही बाहेर काढते.

मायदेशीही तोच अनुभव आला. १९३९ साली वॉशिंग्टन येथील सर्वांत मोठे सभागृह अँडरसनबाईंना नाकारण्यात आले. तेव्हा अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्या सभागृहाच्या मालक संस्थेचा राजीनामा दिला. मग ९ एप्रिल रोजी लिंकनच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर उघड्या आकाशाखाली बाई गायिल्या आणि सुमारे ७५,००० लोकांनी ऐकले. तरीही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन नाट्यगृहाचा रंगमंच त्यांना १९५५ साली मिळाला. तेव्हा त्या ५७ वर्षांच्या होत्या आणि आवाजाचा भर ओसरला होता. उशिरा उघडलेले दार उघडले खरे, पण गेलेली वर्षे कोण परत देणार?

साल्झबुर्गचेही दार पुढे उघडले. १९६० साली लिओन्टीन प्राइस या काळ्या वर्णाच्या गायिकेने त्याच उत्सवात मोझार्टच्या संगीतनाटकात प्रमुख भूमिका केली. त्यांचा बाप लाकडाच्या गिरणीत मजूर आणि आई सुईण. त्यामुळे उत्सव बाटला काय? मुळीच नाही, उलट त्याची शोभा वाढली.

अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले होते, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तेथील काळ्या माणसाचे दुःख आपल्या दुःखाचे सोयरे आहे, हे त्या महात्म्याने तेव्हाच ओळखले होते. म्हणून अँडरसनबाईंची ही हकीकत परकी समजू नये.

वाचकहो, मोठ्या उत्सवाचे चालक गुणी माणसाला मान देतात, पण गुणी माणूस घडवितात ते निराळेच लोक. अँडरसनबाईंना त्यांच्या वस्तीतल्या वर्गणीने घडविले. आपल्याही घरांत गळा असलेली पोरे आहेत. जात्यावर, मोटेवर, मागावर, भजनात पिढ्यान्‌पिढ्या गाणे चालत आले आहे. परंतु मुलगा गाऊ लागला की बाप म्हणतो, याने पोट भरणार काय? मुलगी गाऊ लागली तर तेवढेही कोणी विचारीत नाही. तिला गप्प केले जाते. बाहेरचे दार दुसऱ्याने बंद केले तर त्याच्याशी भांडता येते. घरातले दार आपणच लावून घेतले, तर भांडावे कोणाशी?

लग्नाच्या एका दिवसाच्या मानपानात जो पैसा उडतो, त्यातला थोडा बाजूला काढून गावाने एका गुणी पोराची किंवा पोरीची शिकवणी चालवावी. कोणाच्या घरची, हे विचारू नये. गळा कसा आहे एवढेच विचारावे. हे काम श्रीमंताची वाट पाहत थांबण्यासारखे नाही. फिलाडेल्फियाच्या धुण्याभांड्यांच्या बायकांनी ते केले. आपणांस ते का होऊ नये?