पदवीवाचूनही पगार आहे

जेऊरसारख्या गावात पदवीशिवाय बऱ्या पगाराची नोकरी मिळत नाही, हे याच सदरात आलेले मत वस्तुस्थितीला धरून नाही. सोलापूर–दौंड मार्गावरचे स्टेशन गावातच आहे. रेल्वेतील ट्रॅकमनचे पद सातव्या वेतन आयोगाच्या पहिल्या स्तरात मोडते: मूळ वेतन 18,000 रुपये, वर महागाई भत्ता. शिक्षण दहावी किंवा आयटीआय. लेखी परीक्षेनंतरची खरी कसोटी मैदानावर लागते. पुरुष उमेदवाराला 35 किलो वजन मध्ये खाली न टेकवता 2 मिनिटांत 100 मीटर न्यावे लागते, शिवाय 1000 मीटर 4 मिनिटे 15 सेकंदांत धावावे लागते. महिलांसाठी वजन 20 किलो आहे.

काम कष्टाचे आणि जोखमीचे आहे, हे पालकांनी मुलांपासून लपवू नये. रुळांची पाहणी करणारा ट्रॅकमन, म्हणजे चावीवाला, हातोडा-पाना घेऊन भर उन्हात रुळालगत चालतो, सैल क्लिपा ठोकून बसवतो, तडा दिसताच लाल झेंडी दाखवून गाडी थांबवतो.

भरती दरवर्षी निघत नाही, हीच मोठी अडचण. 2019 नंतरची भरती थेट जानेवारी 2025 मध्ये आली, 32,438 जागांची. म्हणून नुसत्या दहावीवर न थांबता आयटीआय करणे शहाणपणाचे. वेल्डरचा अभ्यासक्रम 1 वर्षाचा, वीजतंत्रीचा 2 वर्षांचा. आयटीआयनंतर रेल्वेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांना पहिल्या स्तराच्या भरतीत 20 टक्के जागा राखीव असतात. आणि भरती लांबली तरी वेल्डिंगचे, वायरिंगचे काम गावातही मिळते.

— एक वाचक, जेऊर (ता. करमाळा)