वस्तऱ्याची धार आणि दगडाचा दाणा

गलाईच्या व्यवसायामुळे विटा परिसरातील कितीतरी घरांतील कर्ती माणसे परप्रांतात असतात आणि वडीलधारी मंडळी गावी. सणाला घरी आलेल्या मुलाला वाटते, अंथरुणावरील वडिलांची दाढी आपल्या हाताने करावी. अशाच एका घरी गेलो असता वडिलांच्या गालावर तीन ओरखडे दिसले. मुलाने आजोबांचा जुना वस्तरा पेटीतून काढून यंत्रमागाच्या कारखान्यातील ग्राइंडरवर धार लावून आणला होता. रक्त थांबायला बराच वेळ लागला. वडील मात्र मुलाचा हात लागला एवढ्यावर प्रसन्न होते.

ग्राइंडरवर पाते तापते, पोलादाचे पाणी उतरते आणि धार टिकत नाही. हार्डवेअरच्या दुकानातील दुतोंडी कार्बोरंडमचा दगड विळ्याकोयत्याला उत्तम. वस्तऱ्याला तो फार खरखरीत. (कसोटीचा काळा दगड घरात असला, तरी तो सोन्यासाठीच राहू द्यावा.) अशा दगडाने धारेला सूक्ष्म दाते पडतात, मग हात नकळत दाब देतो. उतारवयातील पातळ, सैल त्वचेला तोच दाब बाधतो.

दगडावरील आकडा, म्हणजे ग्रिट, जितका मोठा तितका दाणा बारीक. १००० चा दाणा साधारण बारा ते चौदा मायक्रॉनचा, ८००० चा एक-दोन मायक्रॉनचा. आपला केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो. बोथट वस्तऱ्याला प्रथम १००० वर दोन्ही बाजूंचा उतार एकसारखा करावा लागतो. मग ४००० किंवा ५०००, त्यानंतर ८०००, आणि हौस असल्यास १२०००. मधली पायरी गाळू नये. खरखरीत दाण्याचे चरे अतिबारीक दगडाने लवकर जात नाहीत. माझे मत विचाराल तर १००० चे काम जाणत्या कारागिरावर सोपवावे आणि घरी ८००० चा एकच दगड ठेवावा. दाढी ओढू लागली की त्यावर हलक्या हाताने मोजके फेरे पुरतात. पाते आडवे, पाठ व धार दोन्ही दगडाला टेकलेली, आणि धार पुढे. कातडी पट्ट्यावर मात्र उलट, पाठ पुढे. अन्यथा पट्टा कापला जाईल. दगड मध्ये खोलगट झाला असल्यास काचेवर वॉटर पेपर पसरून सपाट करावा.

पण त्या घरातील खरी चूक दगडाच्याही आधीची होती. वडिलांना पक्षाघातानंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू होत्या. अशांना, मधुमेह असलेल्यांना, मान वा हात कापणाऱ्यांना कितीही सुबक धारेचा वस्तरा लावू नये; विजेचा ट्रिमर बरा. धडधाकट असलात तरी वस्तरा ज्याचा त्यानेच वापरावा. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. सलूनमध्ये अर्धे पाते डोळ्यांदेखत बदलून घेण्यास संकोचू नये.

मुलगा दुकानी परतला. आता दर रविवारी नातू ट्रिमरने आजोबांची दाढी करतो. वस्तरा पुसून, खोबरेल तेलाचा हात फिरवून पुन्हा पेटीत ठेवला आहे.