अंगठ्याएवढा गुन्हा

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापुरात प्रवाळांची शेती सुरू करायला काय काय लागतं, असं मला वरचेवर विचारलं जातं. खाऱ्या पाण्याच्या टाक्यांचा माझा नाद जुना आहे, म्हणून विचारतात. उत्तर सोपं आहे. एमआयडीसीत एक गाळा, आरओचं पाणी, पिंपभर मीठ, निळे दिवे, पंप, चिलर, जनरेटर आणि 3 ते 7 वर्षं तुरुंगात काढायची तयारी. शेवटची बाब सोडली तर बाकी सगळ्याला बँक कर्ज देते.

तुरुंगाचं मी गमतीने म्हणत नाही. जुलै 2001 मध्ये केंद्र सरकारने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ घातले. चुनखडीचा सांगाडा बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, शिवाय काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे. 2022 च्या दुरुस्तीने अनुसूच्या नव्याने मांडल्या, 1 एप्रिल 2023 पासून त्या लागूही झाल्या. प्रवाळ मात्र पहिल्या पंगतीतच राहिले, वाघाच्या मांडीला मांडी लावून. 2001 साली हे योग्यच होतं. मन्नारच्या आखातातले प्रवाळ चुन्यासाठी कित्येक दशकं खणून काढले गेले, कच्छच्या आखातातली प्रवाळी वाळू सिमेंटच्या भट्टीत गेली. कोणीतरी हात धरायलाच हवा होता. पण ज्यांनी हात धरला त्यांनी एक साधा भेद केला नाही. समुद्रातला खडक फोडून आणलेला प्रवाळ आणि टाकीत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेला प्रवाळ, कायद्याला दोन्ही सारखेच.

ही शेती असते कशी, हे बंदीच्या कागदावर सह्या करणाऱ्यांपैकी किती जणांनी पाहिलं असेल? एका मूळ वसाहतीची अंगठ्याएवढी फांदी कापायची. सिरॅमिकच्या चकतीवर सुपरग्लूच्या जेलने ती चिकटवायची. हापूसचं कलम बांधतात तसाच हा प्रकार. मूळ झाड जागेवर, नवं झाड वेगळं. काही आठवड्यांत कापलेली जागा भरून येते आणि जिवंत कातडी चकतीवर पसरू लागते. अ‍ॅक्रोपोरासारखी भराभर वाढणारी जात वर्षभरात बोटभर, कधी त्याहून जास्त वाढते. मग तिचे तुकडे, त्या तुकड्यांचे तुकडे. चांगली मूळ वसाहत एकदा हाती आली की समुद्राला पुन्हा हात लावायचं कारण उरत नाही. या व्यवसायाची सगळी नीती याच एका वाक्यात आहे आणि आपल्या कायद्यात नेमकं तेच वाक्य नाही.

काही विद्वान विचारतात, बदलापुरात समुद्र कुठे आहे? नाही, आणि नाही तेच बरं. मुंबईच्या किनाऱ्यावरचं पाणी कोणी फुकट दारात आणून दिलं तरी मी ते टाकीत ओतणार नाही. युरोप-अमेरिकेत समुद्रापासून शेकडो मैल आत, गोदामांत ही शेती चालते. शुद्ध पाण्यात मीठ मिसळून दर हजारी 35 भाग क्षारता आणायची, तापमान 25-26 अंशांवर धरायचं, कॅल्शियम दर दशलक्ष 420 भागांच्या आसपास ठेवायचं. चुन्याची निवळी थेंबाथेंबाने सोडत राहिलं की सांगाड्याचा कच्चा माल मिळत राहतो. रसायनशास्त्राच्या कोणत्याही नीट शिकलेल्या पदवीधराला जमेल असं हे काम आहे आणि असे पदवीधर अंबरनाथच्या रासायनिक कारखान्यांत पाळ्या करताना ढिगाने सापडतील.

अडचणी आहेत, पण त्या समुद्राच्या नाहीत, आपल्या गावाच्या आहेत. एप्रिल-मेमध्ये बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. चिलर बंद पडला की टाकीतलं पाणी तिशीच्या वर चढतं आणि प्रवाळ आपल्या अंगातली सूक्ष्म शैवाळं बाहेर टाकू लागतो. त्याचं पोट बहुतांशी त्या शैवाळांवरच चालतं. ती गेली की उरतो पांढराफटक, उपाशी जीव. पंप थांबला तर गच्च भरलेल्या टाकीतला प्राणवायू काही तासांत संपतो. जोराचा वारा सुटला की जिथे वीज जाते, तिथे या धंद्याचा खरा मालक जनरेटरच. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आरओच्या गाळण्या तुंबतात. आणि गाळा घेताना 2005 आणि 2019 च्या जुलैत उल्हास नदी कुठवर चढली होती ते आठवावं. 2019 ला बदलापूर-वांगणीदरम्यान अख्खी महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात उभी होती. यातली प्रत्येक अडचण पैसा, अक्कल आणि मेहनत यांनी सुटते. सुटत नाही ती फक्त कायद्याची, कारण तिथे अर्ज करायला खिडकीच नाही.

आता याच परिसरात ज्याला खिडकी लागलीच नाही त्याकडे पाहा. अंबरनाथचं शिवमंदिर 1060 सालचं. त्याच्या कुशीतून वाहणारी वालधुनी नदी आज कोणत्या रंगाची आहे हे वारावर अवलंबून असतं. उल्हासनगरच्या जीन्स धुणाऱ्या-रंगवणाऱ्या कारखान्यांनी तिला वर्षानुवर्षं निळीत बुडवलं. 2014 च्या नोव्हेंबरात तिच्यात रसायन ओतलं गेलं आणि रात्रीत शेकडो उल्हासनगरकर श्वास कोंडून रुग्णालयात पोचले. 2015 मध्ये ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल कोट्यवधींची भरपाई ठोठावली. त्यानंतर नदीकाठी उभं राहून नाकाला रुमाल न लावता दहा मिनिटं बोलून दाखवणारा अधिकारी माझ्या पाहण्यात नाही. जिवंत नदी मारली तर नोटीस, सुनावणी, अपील. गाळ्यात अंगठ्याएवढा जीव वाढवला तर थेट वाघाच्या शिकाऱ्याची शिक्षा.

बरं, सरकारला प्रवाळाला हात लावणंच मंजूर नाही, असंही नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये मुंबईच्या कोस्टल रोडसाठी हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरच्या 18 वसाहती उचलून दुसरीकडे बसवल्या. रीतसर परवानगीने, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली. ग्रेट निकोबारच्या बंदरासाठी गलाथिया उपसागरातल्या 16,150 वसाहती हलवायचं ठरलं आहे. म्हणजे प्रवाळ उचलता येतो, नव्या जागी रुजवता येतो, हे सरकारी कागदांवर मान्य आहे. मग अडचण कुठे आहे? रुजवणाऱ्याच्या पाठीशी रस्ता किंवा बंदर हवं. नुसता बदलापूरचा बी.एस्सी. असेल तर चालत नाही.

या बंदीने बाजार थांबला असता तर मी तोंड मिटून बसलो असतो. तो थांबलेला नाही, फक्त काउंटरखाली गेला. दुकानात शिरून कठीण प्रवाळाची चौकशी करा, दुकानदार आधी तुमचे बूट बघतो, मग आवाज खाली आणून म्हणतो, “काका, पीस आहे. बिल मात्र मागू नका.” तो पीस कुठून आला, कोणत्या खडकावरून छिन्नीने काढला, वाटेत त्याच्यासोबतचे किती मेले, हे विचारायची सोय नाही. जिथे बिल नाही तिथे वंशावळ नाही, आणि जिथे वंशावळ नाही तिथे चोरीचा माल आणि वाढवलेला माल एकाच टाकीत शेजारी शेजारी नांदतात. फायदा चोराचा होतो, कारण त्याला टाकीचं वीजबिल भरावं लागत नाही.

आणि आम्ही शौकीन? आमचं तर बोलूच नका. दिवाणखान्यात निळ्या दिव्याखाली चोरीचा अ‍ॅक्रोपोरा ठेवायचा आणि पाहुण्यांना समुद्राच्या तापमानवाढीवर प्रवचन द्यायचं. एका तुकड्यासाठी चांगल्या मोबाइलएवढे पैसे मोजायचे आणि ‘दुर्मिळ आहे’ म्हणून मिरवायचं. तो दुर्मिळ का झाला, या प्रश्नाच्या उत्तरात आपलंही नाव आहे, हे सोयीस्कर विसरायचं. पाच वर्षांपूर्वीचं सोफ्याचं बिल जपून ठेवणारा माणूस प्रवाळाचं बिल मागायला लाजतो. ही लाज नाही, ही भागीदारी आहे.

कायदेशीर दार बंद असलं की तिसरी एक जमात मोकाट सुटते: योजना विकणारे. ‘घरबसल्या कोरल फार्मिंग, आम्हीच माल विकत घेऊ.’ ही भाषा महाराष्ट्राने दोनदा चांगली ऐकली आहे. आधी इमू पाळा म्हणाले. अंडी, तेल, कातडं, सगळ्याला भाव. मग इमू रस्त्यावर सोडून द्यायची पाळी आली. 2019 मध्ये कडकनाथ कोंबडीच्या नावाने पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांची हीच गत झाली. पक्षी विकला गेला तो पक्षी हव्या असलेल्या माणसाला नव्हे, पुढच्या गुंतवणूकदाराला. प्रवाळाच्या योजनेत तर फसलेला माणूस पोलिसांत जाऊही शकत नाही. तक्रार लिहायला बसला की पहिला आरोपी तोच. निवृत्तीची पुंजी घेऊन बदलापूरच्या वन-बीएचकेमध्ये टाक्या मांडायला निघालेल्यांना आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. झोअँथिड नावाच्या लोकप्रिय मऊ प्रवाळाच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. असा खडक स्वयंपाकघरात उकळत्या पाण्याने ‘स्वच्छ’ करायला गेलेली कुटुंबंच्या कुटुंबं परदेशात रुग्णालयात गेली आहेत. योजनेच्या पत्रकावर याला जागा नसते.

परवाना दिला तर समुद्रातून तोडलेला माल ‘शेतीचा’ म्हणून खपवतील, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि मी तो झटकणार नाही. खपवायचा प्रयत्न होईलच. पण पकडताही येईल, कारण प्रवाळ खोटं बोलत नाही. चकतीवर वाढलेल्या तुकड्याची जिवंत कातडी चकतीच्या कडेवरून खाली उतरलेली असते. तिथे एका रात्रीत गोंद लावून ती आणता येत नाही. समुद्रातून फोडलेल्या वसाहतीच्या बुडाला खडक असतो, त्यात पोखरकिडे, शिंपले, स्पंज घर करून असतात. ज्याने दोन्ही पाहिलेत तो हातात घेताच सांगेल. त्यावर मूळ वसाहतीची नोंद, प्रत्येक चकतीवर क्रमांक, विकत घेणाऱ्याचं नाव आणि आगाऊ न कळवता तपासणी, एवढं पुरे. इंडोनेशियाने 2018 मध्ये प्रवाळांची निर्यात थांबवली आणि पुढे दार उघडलं ते शेतीतल्या प्रवाळांसाठी. तपासणी अवघड आहे म्हणून परवानाच नको, हे म्हणणं सोनाराची वजनं तपासायला माणूस नाही म्हणून सराफ बाजारच बंद करण्यासारखं नव्हे काय?

भ्रमाचा एक भोपळाही इथेच फोडतो. प्रवाळांच्या शेतीला कृपा करून ‘निसर्गसंवर्धन’ म्हणू नका. अंबरनाथच्या गाळ्यातला रंगीत तुकडा मालवणचा एकही खडक वाचवणार नाही. तिथले प्रवाळ बोटींच्या नांगरांनी मोडतात, पर्यटकांच्या पायांखाली जातात. लक्षद्वीपचे प्रवाळ 1998, 2010 आणि 2016 मध्ये तापलेल्या पाण्याने पांढरे पडले, त्यावर चिलर बसवता येत नाही. शेतीने साधतं ते इतकंच, की शौकिनाच्या पैशाची वाट छिन्नीवाल्याकडून पदवीधराकडे वळते. हा व्यापार आहे. स्वच्छ व्यापारही पुण्य नसतं, पण चोरीपेक्षा बराच बरा असतो.

आणि अशक्य काहीच नाही. 2001 च्या त्याच आदेशात सगळे शार्क आणि पाकटसुद्धा पहिल्या अनुसूचीत गेले होते. मच्छीमारांनी आवाज उठवला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती यादी दहा जातींवर आली. ऐरोलीत राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानने लखनौच्या मत्स्य अनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या साथीने शोभिवंत सागरी माशांची हॅचरी उभी केली. तिथे क्लाउनफिशची पैदास होते. टाकीत जन्मलेला मासा हा समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा वेगळा, हे तत्त्व ऐरोलीत मान्य आहे. ऐरोली ते अंबरनाथ अंतर लोकलने तासाभराचं. तत्त्वाला एवढा वेळ का लागावा?

म्हणून मागणी स्पष्ट आहे. टाकीत वाढवलेल्या प्रवाळांसाठी कायद्यात वेगळा वर्ग करा. ऐरोलीसारख्या सरकारी केंद्रात मूळ वसाहती ठेवा आणि शेतकऱ्यांना तिथूनच नोंदणीकृत तुकडे द्या, म्हणजे चोरीच्या मालाला पहिल्या पायरीवरच चाप बसेल. एमआयडीसीत प्रायोगिक गाळे द्या. नोंदवहीत खाडाखोड सापडली तर परवाना रद्द करा आणि तोच तुरुंग दाखवा; माझी ना नाही.

तोवर आम्ही काय करायचं? लेदर कोरल, मशरूम यांसारखे बरेच मऊ प्रवाळ त्या अनुसूचीत नावाने नाहीत. ते बाहेरून आणायला परवानगी लागते, ती घ्यावी. मिळत नसेल तर देशात ज्याच्याकडे कागद आहेत त्याच्याकडूनच तुकडा घ्यावा आणि त्या तुकड्यावर हात बसवावा. रंग कमी असतील, मिरवायला पुरणार नाहीत, पण पाणी कसं सांभाळायचं ते शिकवतील. परवाना मागायला जाणाऱ्याने आधी स्वतःच्या टाकीतला बिल नसलेला पीस आठवावा आणि मगच निवेदनावर सही करावी. तेवढा धीर ज्याला नाही, त्याने स्वतःला प्रवाळप्रेमी म्हणवून घेऊ नये. तो गिऱ्हाईक आहे, आणि कायदा बदलू नये असं मनापासून वाटणाऱ्या तस्कराचं सर्वात भरवशाचं गिऱ्हाईक.