आधी उपचार, मग पंचनामा

१३ मार्च २०२३ रोजी मालाड पूर्वेकडील आप्पापाडा येथे आग लागून शेकडो झोपड्यांची राख झाली, गॅसच्या टाक्या फुटल्या व एका मनुष्याचा बळी गेला. अशा मोठ्या आगीची वार्ता सर्वतोमुखी होते. परंतु उकळते तेल, स्टोव्हचा भडका, गॅसची गळकी नळी यांनी घरोघर जी माणसे भाजतात, त्यांची वार्ता चाळीचा जिनाही उतरत नाही. आमचा आजचा प्रश्न या माणसांचा आहे.

आग विझली म्हणजे भाजलेल्याचे संकट टळले, असा कित्येकांचा समज असतो. तो चुकीचा होय. कातडी जळाली की शरीरातील द्रव झपाट्याने कमी होतो. ६० किलो वजनाच्या मनुष्याचे ३० टक्के अंग भाजले, तर पार्कलंड इस्पितळाच्या नावाने रूढ असलेल्या हिशेबाप्रमाणे पहिल्या २४ तासांत सुमारे ७,२०० मिलिलिटर द्रव शिरेवाटे द्यावा लागतो, व त्यातील निम्मा पहिल्या ८ तासांत. हे ८ तास इस्पितळाच्या दारापासून नव्हे, तर भाजल्या क्षणापासून मोजावयाचे असतात! कस्तुरबा रुग्णालयाचा जळीत विभाग सात रस्त्याजवळ, व नॅशनल बर्न्स सेंटर खाडीपलीकडे ऐरोलीस. मालाडहून निघालेल्या रोग्याचे किती मोलाचे तास रस्त्यावरच जात असतील, याचा वाचकांनीच विचार करावा.

सबब जवळच्या इस्पितळाने श्वास पाहावा, सलाइन सुरू करावे, वेदना शमवावी, आणि मगच चिठ्ठीसह रोग्यास पुढे धाडावे. ‘आमच्याकडे जळीत विभाग नाही’ हे उत्तर पुरेसे नाही. कातडीरोपण करा, असे त्यांस कोणी म्हणत नाही. ‘हे पोलिसांचे प्रकरण आहे’ ही सबब तर कायद्यापुढे मुळीच टिकत नाही. परमानंद कटारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे की, जखमीचा जीव वाचविणे हे सरकारी व खाजगी अशा प्रत्येक डॉक्टराचे कर्तव्य असून पोलिसी सोपस्कारांसाठी ते थांबविता येत नाही. पंचनामा उद्या होईल. गेलेला प्राण उद्या परत येणार नाही.

गृहस्थांचेही कर्तव्य आहेच. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. ३ तासांच्या आत केल्यास याचा गुण येतो. मात्र फार मोठा भाग भाजला असेल तर अंग गारठू देऊ नये. बांगड्या, अंगठ्या सुजेपूर्वी काढाव्यात, स्वच्छ कापड पांघरावे व १०८ क्रमांकास हाक द्यावी. हळद, टूथपेस्ट, शाई व बर्फ यांस हात लावू नये.

मालाडच्या व्यापारी मंडळींनी व डॉक्टरांनी मनावर घेतले, तर या चार गोष्टींचा फलक प्रत्येक दवाखान्यावर व उपाहारगृहाच्या भटारखान्यात लागण्यास आठवडाही नको. त्यास सरकारी ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही. इस्पितळांस मात्र आमचे स्पष्ट सांगणे आहे की, भाजलेल्या माणसास दारातून परत लावणे हा नुसता निर्दयपणा नव्हे, तो कायद्याचा भंगही होय.