आजोळचा इतिहास

विवाह जुळविताना मामेकुळ आवर्जून विचारले जाते. परंतु आजोळी दगावलेल्या बालकांविषयी मौन पाळले जाते. हे मौन कधी जिवावर बेतते.

रोगप्रतिकारशक्तीच्या काही जन्मजात उणिवा एक्स गुणसूत्रातून येतात. वाहक माता सहसा निरोगी असते. मात्र तिच्या प्रत्येक पुत्राला आजाराची आणि प्रत्येक कन्येला वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. अमेरिकेतील डॉ. ब्रुटन यांनी १९५२ मध्ये वारंवार संसर्ग होणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात प्रतिपिंडे नसल्याचे दाखविले आणि ती बाहेरून देऊन त्याला सावरले.

जन्मताच दिली जाणारी बीसीजी लस निरोगी बालकाचे रक्षण करते. तीव्र उणीव असलेल्या बालकाला मात्र तिच्यातील जिवंत जंतू बाधू शकतात. म्हणून मामा, मावसभाऊ वा थोरले भावंड तान्हेपणी संसर्गाने गेले असल्यास, शहापूरच्या कुटुंबानेही प्रसूतीपूर्वीच ते डॉक्टरांना सांगावे. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय संस्थेत, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीमध्ये, या विकारांचे निदान होते. सुनेला पांढऱ्या पायाची ठरविण्यापेक्षा तिच्या माहेरची ही हकीकत नीट ऐकून घ्यावी. पुढचे बाळ त्यातूनच वाचू शकते.