आधी मिलिसेकंद मोजा, मग पैसे

मावसभावाने डोक्यावरचा हेडसेट काढला आणि तो थेट मोरीकडे पळाला. दहा-बारा मिनिटांपूर्वी तो मुंबईच्या धावपट्टीवरून निघाला होता, विंचूरच्या घरात, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून. मान डावीकडे वळवली की विमानाचा पंख दिसायचा, पण जरा उशिरा. ढग सरकायचे, थबकायचे, मग एकदम पुढे उडी मारायचे. विमान नीट चाललं होतं, अडखळत होतं ते चित्र. आणि त्या अडखळण्याने पोटात ढवळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने फोनवरच निदान करून टाकलं, "ग्राफिक्स कार्ड बदला, दुसरा इलाज नाही." किंमत पन्नास हजारांच्या वर. काकांनी एकदा हातातल्या कांद्याच्या पट्टीकडे पाहिलं, एकदा पोराकडे. मग मला विचारलं, "काय गं, खरंच लागतं का हे?" मी नाशिकला मास कॉम केलंय, म्हणजे कॉम्प्युटरमधलं मला सगळंच कळतं, असा आमच्या घरातला समज आहे.

खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं. पण पुढचे दोन रविवार आम्ही दोघांनी वही-पेन घेऊन मोजमाप केलं आणि कार्ड घेतलं नाही. ते न घेताच विमान आता नीट उडतं. म्हणून आज या पानावर एकच मुद्दा ठासून मांडायचा आहे. मशीन अडखळलं की 'नवीन पार्ट घ्या' हे उत्तर आधी ऐकायचं नाही. ते नेमकं कुठे अडलंय, हे आधी शोधायचं.

हे वेड आलं कुठून?

विंचूर म्हटलं की लोकांना कांद्याचा उपबाजार आणि वाइन पार्क आठवतो. पण आमच्याच निफाड तालुक्यात ओझर आहे. तिथे १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. आधी मिग-२१, नंतर सुखोई-३० आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथूनच तेजस मार्क १ए आकाशात गेलं. ज्या तालुक्यात लढाऊ विमानं तयार होतात, तिथल्या पोरांनी वर बघत मोठं व्हायचं आणि विमानाचं स्वप्न बघायचं नाही, हे कसं जमणार?

खरं विमान शिकणं महाग असतं. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्याचा खर्च लाखांत जातो. त्यामुळे बऱ्याच मुलांची पहिली पायरी म्हणजे घरचा संगणक. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, एक्स-प्लेन, डीसीएस हे त्यातले मोठे सिम्युलेटर. २०२० च्या डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरला व्हीआर मिळालं आणि मॉनिटरच्या चौकटीतलं आकाश डोक्याभोवती आलं. मान वळवून धावपट्टी शोधता येते, खाली वाकून स्विच बघता येतात. ज्याने एकदा हे अनुभवलं त्याला मॉनिटर परत आवडत नाही. फक्त चित्र अडखळायला नको.

अकरा मिलिसेकंदांचा हिशेब

मॉनिटरवर सेकंदाला तीस चित्रं आली तरी विमान उडवता येतं. व्हीआरमध्ये तेवढ्यावर भागत नाही. हेडसेट ९० हर्ट्झवर चालत असेल तर संगणकाला दर ११.१ मिलिसेकंदांनी नवं चित्र द्यावं लागतं. ७२ हर्ट्झवर ठेवला तर १३.९ मिलिसेकंद मिळतात. तेही एक चित्र नाही, दोन डोळ्यांसाठी दोन.

आता पिक्सेल मोजू. क्वेस्ट ३ या हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्यासमोर २०६४ बाय २२०८ पिक्सेलचा पडदा आहे. दोन्ही मिळून सुमारे ९१ लाख पिक्सेल. घरातल्या फुल एचडी मॉनिटरवर असतात पावणेएकवीस लाखांच्या आसपास. म्हणजे चौपटीहून जास्त काम आणि वेळ मात्र कमी. त्यात भिंगामुळे येणारा वाकडेपणा सरळ करायला सॉफ्टवेअर पडद्यापेक्षाही मोठं चित्र काढायला सांगतं. मग मशीन धापा टाकणारच.

मळमळीचं कारणही यातच आहे. घाटात एसटीमध्ये मोबाइल बघत बसलं की काय होतं, आठवा. कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, डोळे सांगतात की समोरचं स्थिर आहे. व्हीआरमध्ये याच्या उलट. डोळे म्हणतात उडतोय, कान म्हणतो खुर्चीत बसलोय. त्यात मान वळवल्यावर चित्र मागून आलं की मेंदूचा गोंधळ आणखी वाढतो. म्हणून व्हीआरमध्ये चित्र सलग येणं ही चैन नाही, ती किमान गरज आहे. सुंदर पण अडखळणाऱ्या चित्रापेक्षा साधं पण सलग चित्र कधीही बरं.

लिलाव अडलाय की वजनकाटा?

बाजार समितीत ट्रॅक्टरची रांग हलत नसेल तर दोन कारणं असू शकतात. एक तर लिलाव हळू चाललाय, किंवा लिलाव होऊन गाड्या वजनकाट्यावर तुंबल्यात. लिलावच हळू असेल तर आणखी चार काटे बसवून उपयोग काय? काटे रिकामे उभे राहतील.

संगणकाचंही तसंच असतं. प्रोसेसर म्हणजे लिलाव. विमान कुठे आहे, वारा किती, रस्त्यावर गाड्या कुठे, याचा हिशेब तो करतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे काटा. हिशेब झालेलं दृश्य ते रंगवतं. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये गंमत अशी की हिशेबाचा मोठा भाग प्रोसेसरच्या एकाच धाग्यावर चालतो. त्याला 'मेन थ्रेड' म्हणतात. तो अडला की लाख रुपयांचं कार्डही हातावर हात ठेवून बसतं.

हे ओळखायला दुकानदार लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड चालू करून फ्रेमरेटची चौकट उघडली की ती सरळ सांगते, मेन थ्रेडने अडवलंय की जीपीयूने. एक्स-प्लेनही प्रोसेसरचा आणि कार्डाचा वेळ वेगवेगळा दाखवतो. आम्ही पहिल्या रविवारी एवढंच केलं. मुंबईच्या विमानतळावर उत्तर आलं मेन थ्रेड. आसपास दाट इमारती, धावपट्टीच्या कडेने फिरणारी विमानं आणि आम्ही बसलेलो मोठ्या प्रवासी विमानात, समोर पाच-सहा चालू स्क्रीन. तेच ओझरहून छोटं सेस्ना घेऊन निघालो तर उत्तर बदललं, आता कार्ड अडत होतं. एकच मशीन, दोन ठिकाणी दोन वेगळे आजार. आणि दुकानातून औषध आलं होतं एकच.

एका वेळी एकच बदल

आता इलाज. पहिली चूक आमचीच निघाली. या सिम्युलेटरमध्ये मॉनिटरची आणि व्हीआरची ग्राफिक्स सेटिंग्ज वेगवेगळी असतात. भाऊ महिनाभर मॉनिटरच्या पानावर आकडे कमी करत बसला होता आणि व्हीआरचं पान जसंच्या तसं! तुमच्याकडेही हे आधी तपासा.

मेन थ्रेड अडत असेल तर विमानतळावरची आणि रस्त्यावरची वाहतूक कमी करा. दूरवरची जमीन किती तपशिलात दिसावी, याचा आकडा खाली आणा. कॉकपिटमधल्या डिजिटल स्क्रीनचा रिफ्रेश रेट कमी करा, किंवा सरळ काट्यांच्या घड्याळांचं जुनं विमान घ्या. शिकायलाही तेच बरं. रॅमही बघा. भावाच्या मशीनमध्ये सोळा जीबीची एकच पट्टी होती. तशीच दुसरी लावल्यावर प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळायला लागली आणि झटके कमी झाले. आमचा एवढाच काय तो खर्च झाला, कार्डाच्या किमतीपुढे किरकोळ.

कार्ड अडत असेल तर सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे रेंडर रिझोल्यूशन. लांबी आणि रुंदी दोन्ही ८० टक्क्यांवर आणली तर एकूण पिक्सेल ६४ टक्केच उरतात. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त ओझं एका सरकपट्टीने उतरतं. मग ढग आणि सावल्या एक पायरी खाली आणा. कार्ड चालवू शकत असेल तर डीएलएसएससारखं तंत्र वापरा. त्यात लहान चित्र काढून ते हुशारीने मोठं केलं जातं, फक्त कॉकपिटमधली बारीक अक्षरं थोडी पुसट होतात. तिसरा मार्ग 'फोव्हिएटेड रेंडरिंग'चा. आपला डोळा मधलंच स्पष्ट बघतो, कडेचं अंदाजाने. मग कडेला पूर्ण मेहनत कशाला? तिथलं चित्र कमी तपशिलात काढायचं.

यानंतर हेडसेटची पाळी. ९० हर्ट्झचा हट्ट सोडून आम्ही ७२ वर आलो आणि सिम्युलेटरला फक्त ३६ चित्रं द्यायला सांगितलं. मधलं प्रत्येक चित्र हेडसेटचं सॉफ्टवेअर अंदाजाने भरून काढतं. पंख्याच्या पात्याभोवती थोडं पाण्यासारखं हलतं, पण प्रत्येक चित्राला जवळपास २८ मिलिसेकंद मिळतात. कधी ५० आणि कधी २२ चित्रं येण्यापेक्षा ठाम ३६ पोटाला परवडतात.

क्वेस्टसारखे हेडसेट वायफायवर चालवणार असाल तर संगणक राउटरला वायरने जोडा आणि राउटर त्याच खोलीत ठेवा. नाहीतर चित्र वेळेत तयार होऊनही पोहोचायला उशीर होतो आणि बिचाऱ्या कार्डाला शिव्या बसतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एका वेळी एकच बदल करा. तोच विमानतळ, तेच विमान, तेच हवामान आणि वहीत आकडा. दहा सेटिंग एकदम बदलली तर फायदा कशाने झाला हे कधीच कळत नाही.

ऊन आणि धूळ

सेटिंग सांगणारे बहुतेक व्हिडिओ थंड खोल्यांमध्ये बनलेले असतात. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी काय तापमान असतं, त्याची त्यांना कल्पना नाही. चिप तापली की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. पहिली दहा मिनिटं मस्त आणि मग अडखळायला लागलं, तर संशय आधी उष्णतेवर घ्या. कॅबिनेट भिंतीपासून लांब ठेवा. कांद्याच्या हंगामात बसलेली धूळ ब्लोअरने उडवा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच उडा आणि मागची बाजू थोडी उचलून ठेवा. हे सगळं फुकटात होतं.

विकत घेताना

कार्ड कधीच घेऊ नका, असं मी म्हणत नाही. सगळं खाली आणूनही चौकट जीपीयूकडेच बोट दाखवत असेल, तर घ्या, खुशाल घ्या. फक्त ते तुमच्या वहीने सांगायला हवं.

आणि जुना हेडसेट स्वस्तात मिळतोय म्हणून उडी मारू नका. एचपी रिव्हर्ब जी२ हा सिम्युलेटरवाल्यांचा एकेकाळचा लाडका हेडसेट, प्रत्येक डोळ्याला २१६० बाय २१६० पिक्सेल. तो चालायचा मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मिक्स्ड रिॲलिटीवर. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने ते बंद करायचं जाहीर केलं आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून काढूनच टाकलं. पडदे शाबूत, भिंगं शाबूत आणि एका अपडेटनंतर हेडसेट निकामी. हौशी लोकांनी नंतर पळवाटा काढल्या, पण पैसे मोजून घेतलेली वस्तू चालू राहावी म्हणून ग्राहकाने पळवाटा का शोधाव्यात? मोबाइल असो की हेडसेट, 'किती वर्षं चालवणार?' हा प्रश्न आपल्या पिढीने विक्रेत्याला तोंडावर विचारायला शिकलं पाहिजे.

खेळणं नाही, परवानाही नाही

घरातले मोठे म्हणतील, शेवटी खेळच ना? तर तसं नाही. १९२९ मध्ये अमेरिकेत एड लिंक यांनी पहिला गाजलेला उड्डाण-शिक्षक बनवला तो ऑर्गनच्या भात्यांवर, आपल्या पेटीच्या भात्याच्या मोठ्या भावंडांवर. त्यांच्या घरचा कारखानाच वाद्यांचा होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक त्या पेट्यांत बसून शिकले. आणि २०२१ मध्ये युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने हेलिकॉप्टर शिकवण्याच्या एका व्हीआर यंत्राला मान्यता दिली.

पण मुलांनाही सांगायला हवं की घरी उडवलेला एकही तास वैमानिकाच्या लॉगबुकात चढत नाही. चेकलिस्ट, रेडिओवरचं बोलणं, नकाशा वाचणं याचा सराव होतो, विमानाचा खरा हात बसत नाही. वैमानिकच व्हायचं असेल तर महागड्या कार्डाआधी डीजीसीएची क्लास २ वैद्यकीय तपासणी करून घ्या. अडचण असेल तर ती आधीच कळलेली बरी.

परवा भावाने ओझरहून सेस्ना काढलं, गोदावरी धरून नांदूरमध्यमेश्वरपर्यंत आला आणि डावीकडे वळून विंचूरवर घिरट्या घातल्या. सलग, एकदाही न अडखळता. मग हेडसेट काकांच्या डोक्यावर चढवला. काका मान वाकवून बराच वेळ खाली बघत राहिले. म्हणाले, "आपली चाळ दिसत नाही रे, तिथे भलताच बंगला उभा केलाय!"

कांद्याची पट्टी अजून मोडलेली नाही. आधी चाळीचे पत्रे बदलायचे की क्लास २ ची तपासणी करायची, यावर घरात चर्चा चालू आहे. कार्डाचं नाव त्यात कोणी काढत नाही.