निकोसियाचं गटार

मी तीस वर्षं बोटीवर इंजिनियर होतो. आमच्या कंपनीची कचेरी सायप्रसमध्ये, लिमासोलला. तिथले साहेब ग्रीक सायप्रियट, अगदी देवमाणूस. पण बेटावरच्या तुर्कांचा विषय निघाला की आकडे तोंडपाठ : "1960 साली लोकसंख्येत 18 टक्के, आणि घटनेनं सरकारी नोकऱ्यांत 30 टक्के! अल्पसंख्याकांना इतकं कुठे मिळतं?"

2008 साली दुभंगलेल्या राजधानीत, निकोसियात, लेड्रा रस्त्यावरची चौकी ये-जा करायला उघडली. पुढच्या एका खेपेला मी पासपोर्ट दाखवून शहराच्या तुर्की भागात गेलो. एका गल्लीत एक म्हातारे गृहस्थ गवताच्या दोरीनं खुर्ची विणत बसले होते. बोलता बोलता मी त्यांना 'तुम्ही अल्पसंख्य लोक' म्हणून गेलो. दोरी ओढणारा हात थांबला. "अल्पसंख्य नाही, भागीदार. हा देश झाला तेव्हा आमच्याही पुढाऱ्यानं सही केली आहे."

दोघांचंही खरं होतं. 1960 च्या घटनेनं राष्ट्राध्यक्ष ग्रीक आणि उपाध्यक्ष तुर्क ठरवला, संसदेच्या 50 जागा 35 आणि 15 अशा वाटल्या, कराच्या कायद्याला दोन्हीकडचं वेगवेगळं बहुमत लागेल असं लिहिलं. मत मात्र ज्यानं त्यानं आपल्याच माणसाला द्यायचं. मारोनाइट आणि आर्मेनियन या छोट्या ख्रिस्ती समाजांनाही सांगितलं, दोहोंपैकी एक बाजू धरा. ही गोष्ट मला फार लागते. माणसाला तिसरं काही असायची मुभाच नाही!

ग्रीक पुढाऱ्याला तुर्काच्या दारात मतासाठी कधी जावंच लागलं नाही, तुर्कालाही ग्रीकाच्या. हाती उरला तो नुसता अडवायचा अधिकार. कराचा कायदा अडला. पाच शहरांत स्वतंत्र नगरपालिका असाव्यात की नाही, यावरून तंटा चिघळला. नोव्हेंबर 1963 मध्ये राष्ट्राध्यक्ष मकारिओस यांनी घटनेत 13 दुरुस्त्या सुचवल्या. तुर्कांना वाटलं, भागीदारीच काढून घेताहेत. डिसेंबरात रक्त सांडलं. 1974 मध्ये आधी ग्रीसच्या लष्करशहांनी घडवलेला उठाव, मग तुर्कस्तानची फौज, आणि बेट दुभंगलं.

पण गटार दुभंगलं नाही. मैला तपासणी चौकीवर थांबत नाही, उताराकडे जातो. लेलोस दिमित्रियाडिस आणि मुस्तफा अकिंजी हे तेव्हा निकोसियाच्या दोन भागांचे महापौर होते. 1978 मध्ये त्यांनी सांडपाण्याची एकच योजना हाती घेतली. ज्या नगरपालिकांवरून देश मोडला, त्याच नगरपालिकांनी हे काम केलं. शुद्धीकरणाचा प्रकल्प तुर्की भागात, आणि दोन्हीकडचं सांडपाणी तिथे जातं. आयुष्यभर पंप आणि पाइपांत राहिलेल्या माणसाला याचं मोल कळतं : एका बाजूनं झडप बंद केली, तर घाण घरांत चढते.

मतदानही असंच जोडलेलं हवं. अध्यक्षपद आळीपाळीनं, आणि निवडून यायला दुसऱ्या समाजाचीही काही मतं हवीत, ही कल्पना 2008 ते 2010 च्या वाटाघाटींत टेबलावर होती. तीच पुन्हा उचलायला हवी. ग्रीकांनी टक्केवारी मोजणं सोडून भागीदारी मनापासून मान्य करावी. तुर्कांनीही कायदे अडवायचा हक्क सोडावा.

साहेबांना मी हे बोलून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे त्या खुर्चीवाल्याला मी मत द्यायचं?"

"आणि त्यांनी तुम्हाला," मी म्हटलं.